पेट्रोल जनरेटर सुरू होत नाही किंवा सुरू होऊन बंद पडतो: काय बघायचं आणि कुठल्या क्रमाने

"दोरी ओढून ओढून खांदो गेलो, पन सुरू होना नाय." हे वाक्य मला वर्षातून तीन वेळा हमखास ऐकू येतं. गणपतीच्या आदल्या आठवड्यात, तुळशीचं लग्न लागलं की, आणि आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख कौलाने ठरली की. म्हणजे पडून राहिलेलं मशीन बाहेर काढायची वेळ आली की. माझा धंदा मंडप आणि लाईटचा. स्वतःचे जनरेटर सांभाळता सांभाळता दुसऱ्यांचेही खोलायला लागलो, आणि आता पावसाळा सरत आला की माझ्या पडवीत मशिनांची रांग असते. त्यातल्या बहुतेकांचं काहीही तुटलेलं नसतं. ती नुसती पडून असतात, पोटात जुनं पेट्रोल घेऊन.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ येऊन गेलं तेव्हा हे सगळ्यात जास्त जाणवलं. सिंधुदुर्गात खांब आडवे, तारा रस्त्यावर, गावंच्या गावं अंधारात. ज्यांच्याकडे जनरेटर होते त्यांनी ते माळ्यावरून आणि गोठ्यातून बाहेर काढले. नेमकी ज्या दिवसासाठी घेतलेली वस्तू, त्याच दिवशी मुकी. त्या आठवड्यात मी कॉईल (प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग) एकही बदलली नाही. जेट (हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरमधले बारीक भोकाचे तुकडे, ज्यातून पेट्रोल जातं) मात्र इतके साफ केले की बोटांना आठ दिवस पेट्रोलचा वास होता.

खालचं सगळं दोन ते पाच केव्हीएच्या, दोरीने सुरू होणाऱ्या, एका सिलिंडरच्या चार स्ट्रोक पेट्रोल जनरेटरबद्दल आहे. मंडपवाले, जत्रेतले दुकानदार, खाण्याच्या गाड्या, कॅराव्हॅन, सगळीकडे हीच जात. यातली बरीच इंजिनं होंडाच्या जीएक्स इंजिनाच्या बेतावर बनलेली असतात, म्हणून आकडे मी त्या घराण्याचे देतोय. तुमच्या मशीनचं पुस्तक वेगळं सांगत असेल तर पुस्तकाचं ऐका. डिझेलचे मोठे डीजी सेट हा वेगळा विषय, तो इथे नाही.

आधी मशीन काय करतंय ते बघा

"चालू होत नाही" एवढ्यावरून फोनवर मला काहीच सांगता येत नाही. पाना हातात घेण्याआधी यातलं नेमकं काय होतंय ते ठरवा.

– इंजिन फिरतं, पण साधं 'फट्' सुद्धा करत नाही. स्विच, ऑइल किंवा ठिणगी. नाहीतर पेट्रोल पोचतच नाही.

– एक-दोनदा फटफटतं आणि गप्प. किंवा चोक (थंड इंजिन सुरू करताना हवा कमी करणारी कळ) लावलेला असेपर्यंत चालतं, चोक काढला की मरतं. जेट तुंबलाय. हे लक्षण सांगितलंत तर मी पुढे दुसरं काही विचारतही नाही.

– दहा-वीस मिनिटं छान चालतं, मग दम लागल्यासारखं होऊन हळूहळू बसतं. थोड्या वेळाने पुन्हा सुरू. टाकीच्या झाकणातून हवा आत जात नाही.

– तसंच मध्येच बंद पडतं, पण दम न लागता, कोणी बटण दाबल्यासारखं एकदम. ऑइल कमी झालं की इंजिन बंद करणारा सेन्सर, नाहीतर गरम होऊन दगा देणारी कॉईल. हळू मरणं आणि एकदम मरणं यातला फरक नीट ऐका, अर्धं निदान तिथेच होतं. हळू मेलं तर पेट्रोल, एकदम मेलं तर ठिणगी.

– आवाज झोपाळ्यासारखा वर-खाली होतो, लाईटही त्याबरोबर मोठी-बारीक. छोटा जेट तुंबलाय.

– रिकामं चालतं, लोड टाकला की बसतं. लोड जास्त, फिल्टर मळलेला, किंवा मोठा जेट अर्धवट बंद.

– दोरी अजिबात हलत नाही, किंवा नेहमीपेक्षा फारच हलकी येते. मग मधलं सगळं सोडून 'इथे हात थांबवा' हा भाग वाचा.

फुकटातल्या गोष्टी

हसू नका, पण स्विच. इंजिनाचा लाल स्विच 'बंद'वर ठेवून घामाघूम झालेली माणसं मी पाहिली आहेत, त्यात एकदा मीही होतो. त्यानंतर पेट्रोलचा कॉक. टेम्पोतून नेताना तो बंद करायची चांगली सवय असते आणि उतरवल्यावर उघडायचं राहून जातं.

मग सगळा लोड काढा. जनरेटरच्या सॉकेटला काही लावलेलं नको, एमसीबी (पॅनेलवरचा, वीज तोडणारा स्विच) खाली. लोडसकट सुरू करायला गेलं की इंजिन उचल खाण्याआधीच त्याच्या मानेवर जू बसतं. फ्रीझर, पाण्याची मोटर, रसाचं यंत्र यांची मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. त्यामुळे "एक एचपीची तर मोटर" म्हणत दोन केव्हीएचं मशीन घेतलेल्या माणसाचा जनरेटर बिघडलेला नसतो, हिशेब बिघडलेला असतो.

सेल्फ स्टार्ट असेल आणि बटण दाबल्यावर नुसतं टक-टक होत असेल तर बॅटरी बसली आहे. भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, १२ च्या खाली असेल तर चार्जिंगला लावा आणि तोवर दोरीने सुरू करा. दोरीने लगेच सुरू झालं तर बाकी मशीन ठीक आहे.

आता ऑइल. मशीन अगदी सपाट जागी ठेवा, ऑइल मोजायची दांडी काढून पुसा, पुन्हा आत घाला आणि बघा. जीएक्स जातीच्या इंजिनात दांडी मोजताना आटे फिरवून बसवायची नाही, नुसती टेकवायची. यातल्या लहान इंजिनांच्या पोटात जेमतेम ०.६ लिटर ऑइल मावतं. त्यातलं दीडशे मिली जळलं तरी पातळी सेन्सरच्या खाली येऊ शकते, आणि सेन्सर ठिणगीच तोडतो. इंजिन फिरतं, पेट्रोल येतं, सगळं ठीक दिसतं, पण फट् नाही. दुसऱ्या कुठल्याच बिघाडापायी एवढे प्लग आणि कॉइली विनाकारण बदलल्या जात नाहीत.

जागेचा उतारही तेच करतो. एका गावात दशावताराला मशीन दिलं होतं. देवळामागच्या घसरणीवर पोरांनी ते ठेवलं. गणपती येऊन गेला, आणि संकासुर रंगात यायला आणि लाईट जायला एकच गाठ पडली. ओढलं की सुरू व्हायचं, पाच मिनिटांत पुन्हा बंद, तेही एकदम. अंधारात बॅटरी मारून बघितलं तर ऑइल होतं, पण इंजिन कलल्यामुळे सगळं एका बाजूला. खालच्या बाजूला चिऱ्याचे दोन तुकडे सरकवले, वर अर्धा पेला ऑइल घातलं, ते पहाटेपर्यंत चाललं.

उलट, ऑइल खुणेच्या वर आलेलं दिसलं आणि त्याला पेट्रोलचा वास आला तर मशीन ओढूच नका. कार्बोरेटरमधून पेट्रोल गळून खाली उतरलंय. त्या पातळ झालेल्या ऑइलवर इंजिन चालवलं तर आतलं घासून जाईल. ते बदलायचं आणि फ्लोटची सुई (कार्बोरेटर भरला की पेट्रोल अडवणारी) बघायची, त्याबद्दल पुढे.

झाकण

'हळूहळू मरतं' या लक्षणासाठी झाकण ढिलं करून चालवून बघा, एवढंच. पेट्रोल खाली जातं तशी टाकीत वरून हवा यावी लागते. झाकणातलं बारीक भोक धुळीने बंद झालं की टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. झाकण ढिलं केल्यावर 'फुस्स' असा आवाज येऊन मशीन सुरळीत झालं तर काम झालं: झाकण साबणाने धुऊन, भोक मोकळं करून बसवा. सूटकेससारख्या दिसणाऱ्या इन्व्हर्टर जनरेटरच्या झाकणावर हवेची छोटी कळ असते, ती 'चालू'वर आहे ना हे बघा. ढिल्या झाकणाने रोज मात्र चालवू नका, हादऱ्याने पेट्रोल गरम सायलेन्सरवर उडतं.

पेट्रोल

टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा. ताजं असेल तर पातळ, स्वच्छ, आणि वास नाकात झणकन जातो. जुन्याला रंगाच्या डब्यासारखा आंबूस वास येतो, रंग गडद होतो. बाटली पंधरा मिनिटं हलवू नका. तळाशी वेगळा थर किंवा पाण्याचे गोळे दिसले तर तुमचं उत्तर तिथेच आहे.

पूर्वी पेट्रोल सहा महिने पडलं तरी कुरकुरत का होईना सुरू व्हायचं. आता ते तसं राहिलेलं नाही. २०२२ मध्ये देशभर पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल आलं, २०२५ पर्यंत ते २० टक्क्यांवर गेलं. इथेनॉल हवेतला दमटपणा ओढून घेतं. काही प्रमाणापर्यंत पाणी त्यात विरघळून राहतं आणि इंजिनाला कळतही नाही. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून फुटतं आणि तळाशी बसतं. कॉक तळातूनच ओढतो. म्हणजे टाकीत वर चांगलं पेट्रोल असूनही कार्बोरेटरला पहिला घोट पाण्याचा. त्यात कोकणातला जून ते सप्टेंबर, अर्धी रिकामी टाकी, आणि पडवीतली ओल. मी इथेनॉलच्या विरोधात नाही, रोज चालणाऱ्या मोटरसायकलला त्याने असं काही होत नाही. मोटरसायकलचं पेट्रोल आठवड्यात संपतं, जनरेटरचं गणपतीपासून शिमग्यापर्यंत तसंच असतं.

जुनं पेट्रोल संशयास्पद वाटलं तर पूर्ण काढा, त्यात नवं मिसळून वेळ मारून नेऊ नका. आणि काढलेलं गटारात किंवा विहिरीच्या आसपास ओतू नका, चूल पेटवायला तर मुळीच नको. मी ते बंद कॅनमध्ये ठेवतो आणि फक्त बाहेर मोकळ्यावर, विस्तवापासून लांब, गंजलेले नट-बोल्ट भिजत घालायला वापरतो.

हवा आणि धूर

एअर फिल्टरचं झाकण काढून स्पंज बघा. काळा, चिकट, किंवा हातात चुरा होत असेल तर इंजिनाला श्वासच मिळत नाही. काळा धूर आणि भिजलेला प्लग ही त्याची खूण. साबणाच्या पाण्यात धुवायचा, पूर्ण वाळवायचा, इंजिन ऑइलचे थेंब टाकून पिळायचा. फिल्टर काढून चालवायची सवय लावून घेऊ नका; जत्रेतली लाल धूळ सिलिंडर कानशीसारखी घासते.

दुसरं टोक सायलेन्सरचं. पडून राहिलेल्या मशीनच्या नळीत कुंभारमाशी मातीचं घर करते. मला एकदा तिथे उंदराचं अख्खं बिऱ्हाड सापडलं, कापूस आणि मंडपाच्या झालरीच्या धाग्यांसकट. उंदीर असतील तर प्लगची जाड वायरही बोटांनी चाचपून बघा, कुरतडलेली असते.

चाचणी घेताना मशीन उघड्यावर ठेवा. पाऊस आहे म्हणून पडवीत, बंद टेम्पोत किंवा खोलीच्या दारात लावून "पाच मिनिटं बघतो" असं करू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि गुंगी आल्यावर माणसाला उठून बाहेर जायचं सुचत नाही.

प्लग

प्लगची टोपी ओढून काढा, आजूबाजूची माती फुंकून घ्या (नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये पडते), आणि प्लग पान्याने प्लग काढा. आता तो काय सांगतो ते वाचा.

पाच-सहा वेळा दोरी ओढूनही प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही, कार्बोरेटरकडे जा. ओला असेल तर पेट्रोल येतंय पण पेटत नाही, किंवा चोक लावून इतकं ओढलंय की बुडालंय. बुडालेलं मशीन काही बिघडलेलं नसतं: प्लग बाहेर ठेवूनच, स्विच बंद करून आठ-दहा वेळा दोरी ओढा, प्लग पुसून सुकवा, चोक न लावता सुरू करा. थंड इंजिनाला चोक, गरम इंजिनाला नाही, आणि सुरू झाल्यावर मिनिटाभरात चोक काढायचा. यापलीकडे चोकमध्ये काही विद्या नाही.

ठिणगी बघायची तर प्लग टोपीत बसवा, रबरी मुठीच्या पकडीने त्याचा लोखंडी भाग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवा, आणि दुसऱ्याला दोरी ओढायला सांगा. प्लगच्या भोकापासून लांब धरा. त्या भोकातून पेट्रोलची वाफ फवारत असते आणि तुम्ही तिच्याजवळ ठिणगी पाडताय. सांडलेलं पेट्रोल आधी पुसा. निळी, टणक ठिणगी हवी. फिकट पिवळी किंवा काहीच नाही, तर नवा प्लग लावून बघा. दीडशे-दोनशे रुपयांत येतो. जीएक्स जातीला बीपीआर ६ ईएस चालतो, फट ०.७ ते ०.८ मिमी.

नव्या प्लगनेही ठिणगी नाही? मग ऑइल सेन्सरची वायर. क्रँककेसमधून (इंजिनाचा ऑइल असलेला खालचा भाग) बाहेर येणारी, बहुधा पिवळी. ती जोडातून सोडवून पुन्हा ठिणगी बघा. आली, तर सेन्सर किंवा ऑइलची पातळी. ऑइल डोळ्यांनी बघितल्यावरच हे करायचं, आणि निदान झाल्यावर वायर परत जोडायची. "असंच चालू दे" म्हणत वायर सुटी ठेवणाऱ्यांची मशिनं माझ्याकडे नंतर कनेक्टिंग रॉड तुटून आली आहेत. दोन-अडीचशे रुपयांच्या ऑइलसाठी इंजिन गेलं.

कार्बोरेटर

शंभर गोष्टी करून झाल्यावर लोक इथे येतात, आणि इथेच सापडतं. तरी मी हे मागे ठेवलंय, कारण आधीचं सगळं अर्ध्या तासात, जवळपास पैसे न घालता होतं, आणि इथे चुकलं तर नवी भानगड सुरू होते.

पहिली पायरी खोलायची नाही, फक्त निथळायची. कार्बोरेटरखाली लोखंडी वाटी असते. तिच्या मधोमध एक बोल्ट आणि बाजूला तिरका एक. बाजूचा तो निथळायचा. कॉक बंद करा, खाली बाटलीचं झाकण धरा, १० चा पाना लावून तो बोल्ट सोडा. काय येतं ते बघा. पिवळसर चिकट, पांढरी भुकटी, पाण्याचे मणी, कधी कधी जेलीसारखं काहीतरी. आता बोल्ट उघडाच ठेवून, खाली डबा धरून कॉक उघडा. पेट्रोल सलग धारेने यायला हवं. थेंब थेंब येत असेल तर दोष वाटीच्या वर आहे: कॉकची जाळी किंवा पाइप. धार चांगली असेल तर दोन-तीनदा भरून निथळा, बोल्ट आवळा, ताज्या पेट्रोलवर ओढून बघा. बरीच मशिनं इथेच सुरू होतात. चोकवर का होईना पंधरा मिनिटं चाललं तर चालू द्या, ताजं पेट्रोल आतलं थोडं विरघळवतं.

नाही झालं, तर जेट. आधी मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढा, विशेषतः गव्हर्नरच्या (इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग) दोन बारीक स्प्रिंगा कुठल्या भोकात आहेत त्याचा. कॉक बंद करून मधला बोल्ट सोडा, वाटी उतरेल. तिची रबरी रिंग जपून बाजूला ठेवा आणि तिच्यावर कार्बोरेटरचा स्प्रे मारू नका. फुगते आणि मग खाचेत बसतच नाही. मधल्या नळीत खालून पितळी मोठा जेट दिसेल. खाचेत पूर्ण बसेल असा स्क्रूड्रायव्हरच लावा, पितळ मऊ असतं. जेटच्या वर बाजूला भोकं असलेली नळी असते, ती टिचकी मारली की खाली पडते. छोटा जेट वरच्या बाजूला, स्पीडच्या स्क्रूखाली असतो. 'झोपाळा' आवाजाचा दोषी तोच, आणि घाईत तोच साफ करायचा राहतो.

गेल्या वर्षी खाज्याचं दुकान लावणाऱ्या एक काकी आल्या. "रे झिला, उद्या जत्रा आसा." त्यांच्या मशीनला कोणीतरी नवा प्लग, मग नवी कॉईल, वर नवीन कॉकसुद्धा बसवला होता. चोक काढला की मरत होतं. मोठा जेट काढून ट्यूबलाइटसमोर धरला, त्यातून काहीच दिसेना. जाड वायर सोलून तिच्यातली तांब्याची एकच तार काढली, हलकेच आरपार नेली, स्प्रे मारला, हवा मारली, पुन्हा धरला. आता टाचणीच्या टोकाएवढा गोल उजेड. काकींच्या हातात दिला. त्यांनी एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाल्या, "ह्या एवढ्याश्या भोकासाठी?" कॉइलीचे पैसे आठवले असणार.

तांब्याची तारच वापरा. सुई, ड्रिल, सायकलच्या ब्रेकची पोलादी तार नको. भोक केसभर मोठं झालं तरी मशीन कायमचं जास्त पेट्रोल पिऊ लागतं. फ्लोटची सुईही बघून घ्या: टोकावर गोल वळ पडला असेल तर ती नीट बंद होत नाही, वाटी ओसंडते, आणि पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं ते इथूनच. जोडताना कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं गॅस्केट फाटलेलं असेल तर नवं लावा, तिथून हवा शिरली की सगळी साफसफाई करूनही आवाज झोपाळाच राहतो.

आणि मशीन सुरू झाल्याच्या आनंदात "थोडा स्पीड वाढवूया" म्हणून गव्हर्नरची स्प्रिंग ओढू नका. ही इंजिनं मिनिटाला ३००० फेऱ्यांवर ५० हर्ट्झ देतात. फेऱ्या वाढल्या की व्होल्टेजही चढू शकतो, आणि आधी मरतात त्या मंडपातल्या एलईडी.

याच्यापुढचं

फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि सवय असेल तरच. कॉईल आणि फ्लायव्हील (इंजिनाचं जड चाक) यांतली फट साधारण ०.४ मिमी, ती बघता येते आणि कॉईलवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने काढता येतो. थंड असताना लगेच सुरू, पण अर्धा तास चालवून बंद केल्यावर गरम असताना काही केल्या सुरू होत नाही, असं असेल तर व्हॉल्व्हची फट संपलेली असू शकते. थंड इंजिनावर हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला ०.१५ आणि धुराच्या व्हॉल्व्हला ०.२० मिमी. कॉईल गरम होऊन सोडते का, हे बघायचं तर बंद पडल्या पडल्या ठिणगी तपासा. थंड झाल्यावर तपासून उपयोग नाही, तोवर ती साळसूद झालेली असते.

इथे हात थांबवा

दोरी हलत नसेल तर जोर लावू नका. एकदाच, प्लग काढून हलकेच ओढून बघा. प्लग काढल्यावर फिरलं आणि भोकातून पेट्रोल किंवा ऑइल उडालं तर सिलिंडर भरला होता. ऑइल बदलायचं आणि सुई तपासायची. तरीही हलत नसेल तर इंजिन जाम आहे, मेकॅनिककडे द्या. दोरी हाताला अगदी ढिली येत असेल तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेलंय: व्हॉल्व्ह, रिंग किंवा गॅस्केट. झटका देऊन दोरी उलट खेचली जात असेल तर फ्लायव्हीलची चावी कापली गेलेली असू शकते. ते फ्लायव्हील पुलरशिवाय हातोड्याने काढायला जाऊ नका.

आतून लोखंडी ठोका ऐकू येतोय, निळा धूर थांबत नाही, टाकी किंवा पाइपच्या सांध्यातून पेट्रोल झिरपतंय: बंद करा आणि द्या. इंजिन मस्त चालतंय पण लाईट येत नाही, तर एमसीबी वर आहे ना एवढं बघा. पुढचं काम (एव्हीआर, कपॅसिटर, कार्बन ब्रश, वाइंडिंग) वाइंडरचं आहे. तिथे २३० व्होल्ट असतात आणि कपॅसिटर मशीन बंद झाल्यावरही झटका देतो. मी स्वतः ते काम करत नाही.

घराला जोडायचं असेल तर चेंजओव्हर स्विच (लाईनची वीज किंवा जनरेटरची, एका वेळी एकच जोडणारा) इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. दोन टोकांना पिन लावलेली वायर भिंतीच्या सॉकेटमध्ये खुपसून घर उजळवणारे लोक अजून आहेत. ती वीज उलटी लाईनवर जाते, आणि वादळानंतर खांबावर महावितरणचा माणूस चढलेला असतो.

बंद करताना

काम संपलं की स्विचने बंद करू नका. लोड काढा, कॉक बंद करा आणि मशीन आपोआप मरेपर्यंत चालू द्या. दोन-तीन मिनिटं लागतात. वाटी रिकामी झाली की जेटमध्ये सुकायला काही उरत नाही. महिन्याभराहून जास्त पडून राहणार असेल तर टाकीही रिकामी करा, आणि मधूनमधून बाहेर काढून वीसेक मिनिटं, थोड्या लोडवर, फिरवा. ऑइल पहिल्यांदा २० तासांनी, मग १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा.

जुनं, पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारं मशीन अजून कोणाकडे असेल तर त्याची रीत उलटी: बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर घ्या आणि वाटीतलं रॉकेल जळू द्या. नाहीतर पुढच्या वेळी थंड इंजिनाला रॉकेल मिळतं आणि ते पेटत नाही.

माझ्या प्रत्येक टाकीवर कागदी चिकटपट्टीचा तुकडा असतो, त्यावर पेनाने पेट्रोल भरल्याची तारीख. जत्रेला मशीन घेऊन जाणारी पोरं आधी ती वाचतात, मग दोरीला हात लावतात.